आधी कोण? : सर्व्हर सुरू होण्याच्या क्रमाची कहाणी

संगणकाच्या इतिहासावर जे लिहिले जाते ते बहुधा भाषांवर, कंपन्यांवर किंवा गॅरेजात धंदा काढून अब्जाधीश झालेल्या माणसांवर असते. एखादी मोठी यंत्रणा सुरू कशी होते, या प्रश्नालाही इतिहास असेल असे कुणाच्या मनात येत नाही. दिवा लागला की बटणाचा विचार कोण करतो? पण बँकेची किंवा विमा कंपनीची यंत्रणा रात्री बंद करून पहाटेच्या आत पुन्हा उभी करायची असते, तेव्हा जागे असलेल्या चार-पाच माणसांपुढे हाच प्रश्न असतो: आधी काय सुरू करायचे, आणि त्यानंतर काय?

याला उत्तर देण्याच्या दोन पद्धती आहेत. लग्नघरातले उदाहरण घ्या. एका घरात भिंतीवर यादी लावलेली असते: १. मांडववाला, २. पाणी, ३. गॅस, ४. आचारी, ५. वाढपी. दुसऱ्या घरात यादी नसते. आचारी म्हणतो, 'मला पाणी आणि गॅस द्या, मी लागतो कामाला,' आणि वाढपी म्हणतो, 'आचाऱ्याचे झाले की मला हाक मारा.' वरवर पाहता दोन्ही घरांत पंगत वेळेवर बसते. फरक कळतो तो पाणी यायला उशीर झाला म्हणजे. पहिल्या घरात सगळेच खोळंबतात, कारण यादीतला आकडा क्रम सांगतो, कारण सांगत नाही. मांडववाला पाण्याच्या आधी का, हे यादी करणाऱ्यालाच ठाऊक. तो गावाला गेला असेल तर कुणालाच नाही.

गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत सर्व्हरच्या रचनाकारांनी ही यादी मोडून तिच्या जागी कारण आणायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा केला. तो कितपत साधला, हे या लेखात पाहायचे आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा. 'अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर' म्हणजे इतर कार्यक्रमांना सांभाळणारा कार्यक्रम. कर्जाचे व्याज मोजणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने डेटाबेसच्या जोडण्या, ग्राहकाची ओळखतपासणी, अर्धवट राहिलेला व्यवहार मागे घेणे या गोष्टी स्वतः लिहीत बसू नयेत. त्या सर्व्हरने पुरवाव्यात, अशी ही वाटणी आहे. व्याजाचा प्रोग्रॅम हा झाला मॉड्यूल. तो सर्व्हरवर नेऊन ठेवण्याला इंग्रजीत डिप्लॉय म्हणतात. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत 'चढवणे' म्हणतात, तोच शब्द मी वापरणार आहे.

या जातीचा आद्य पुरुष बहुतेकांना आठवत नाही, कारण तो मोठ्या आयबीएम यंत्रांवरचा आहे. १९६८च्या सुमारास अमेरिकेतल्या वीज, गॅस, टेलिफोन पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आयबीएमने ग्राहकांची माहिती ताबडतोब पडद्यावर आणणारी एक प्रणाली बनवली, आणि ८ जुलै १९६९ रोजी 'सिक्स' या नावाने ती सर्वांसाठी बाजारात आणली. सिक्समध्ये कोणकोणते प्रोग्रॅम आहेत याचा एक तक्ता असे. सुरू होताना काय काय चालवायचे, याचा पुढे वेगळा तक्ता आला. त्या तक्त्यातली एक ओळ मला फार बोलकी वाटते. ती कुठलाच प्रोग्रॅम चालवत नाही. ती नुसती सीमारेषा आहे. रेषेच्या वरचे प्रोग्रॅम यंत्रणा अर्धीमुर्धी उभी असताना चालतात, रेषेखालचे जवळजवळ पूर्ण उभी राहिल्यावर. म्हणजे यादी तर होतीच, पण यादीच्या पोटात 'टप्पा' ही कल्पना जन्मली होती. शिवाय चालू यंत्रणा न थांबवता एखाद्या प्रोग्रॅमची नवी प्रत उचलायची आज्ञाही सिक्सला मिळाली. पुढे जावावाल्यांनी ज्याचा फार गाजावाजा केला, ते हे.

जावा भाषा १९९५ साली जाहीर झाली. १९९८मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने 'एंटरप्राइझ जावाबीन्स'चा पहिला आराखडा प्रसिद्ध केला. हा दस्तऐवज तांत्रिक असला तरी त्यातला माणसांविषयीचा भाग मी आवडीने वाचतो. त्यात भूमिका वाटून दिल्या आहेत: बीन लिहिणारा एक, बीन जोडून अर्ज तयार करणारा दुसरा, तो सर्व्हरवर चढवणारा तिसरा, सर्व्हर बनवणारा आणखी कुणी, आणि रोज देखरेख करणारा व्यवस्थापक वेगळाच. 'चढवणारा' हा स्वतंत्र कसबाचा माणूस असेल, बाजारातून तयार बीन विकत आणून तो आपल्या यंत्रणेत बसवील, अशी कल्पना होती. तसा बाजार काही भरला नाही. चढवणारा मात्र घडला, आणि तो बहुधा त्या गटातला सर्वांत नवा मुलगा असे.

डिसेंबर १९९९मध्ये या सगळ्याची एकत्र मोट बांधून 'जे-टू-ई-ई' आले. मॉड्यूलच्या गाठोड्यांची नावे ठरली: जार, वॉर आणि इअर. (बरणी, युद्ध आणि कान. आद्याक्षरांच्या नादात माणसे काय करतील याला सुमार नाही.) इअर हे मोठे गाठोडे, त्यात अनेक जार आणि वॉर असत. यांतले आधी कोणते सुरू करायचे? आराखडा गप्प होता. वॉरच्या आत मात्र प्रत्येक सर्व्हलेटला एक पूर्णांक देता येई आणि लहान आकड्याचा सर्व्हलेट आधी सुरू होई. पुन्हा भिंतीवरची यादीच.

या काळात वेबलॉजिक, वेबस्फिअर अशा सर्व्हरांचे परवाने प्रोसेसरमागे हजारो डॉलरना विकले जात. १९९९मध्येच मार्क फ्ल्यूरी या फ्रेंच अभियंत्याने एक मुक्त सर्व्हर लिहायला घेतला. त्याचे नाव 'ईजेबॉस'. पहिली तीन अक्षरे सनच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्याने सनने हरकत घेतली. एक अक्षर गळाले आणि 'जेबॉस' उरला. माझ्या विषयासाठी हाच सर्व्हर महत्त्वाचा. सुरुवातीपासून त्याचा मजकूर कुणालाही वाचायला खुला आहे, त्यामुळे त्यातल्या प्रत्येक पिढीने 'आधी कोण'ला काय उत्तर दिले ते पाहता येते. संगणकशास्त्राची पदवी नसलेल्या माझ्यासारख्याला हे दालन उघडे मिळाले ते त्यामुळेच.

जेबॉसच्या दुसऱ्या पिढीत रिकार्ड ओबर्ग या स्वीडिश तरुणाच्या कल्पनेतून एक मोठा बदल झाला. सर्व्हर म्हणजे एक अखंड ठोकळा नव्हे. मध्ये एक छोटा गाभा आणि त्याला टांगलेल्या सुट्या सेवा. डेटाबेसची सेवा, निरोपांची सेवा, वेबची सेवा. प्रत्येक सेवेला चार आज्ञा कळत: घड, सुरू हो, थांब, मोड. आणि प्रत्येक सेवेच्या फाइलीत लिहिता येई की मी अमक्या सेवेवर अवलंबून आहे. दुसऱ्या लग्नघराची पद्धत ती हीच. नवा मॉड्यूल चढवायचा तर 'डिप्लॉय' नावाच्या फोल्डरात फाइल टाकायची. एक पहारेकरी दर पाच सेकंदांनी तिथे डोकावे आणि नवे काही दिसले की उचलून सुरू करी.

मात्र सेवा आपापली कारणे सांगत असल्या तरी फोल्डरातल्या फाइली पहारेकरी कुठल्या क्रमाने उचलणार, हे ठरवावे लागलेच. ते ठरले फाइलीच्या शेपटावरून: आधी सेवांच्या फाइली, मग डेटाबेसच्या जोडण्या, मग जार, मग वॉर, शेवटी इअर. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा आणखी एक सोय दिली गेली: फाइलीच्या नावापुढे आकडा लिहा, त्या क्रमाने उचलू. दारातून हाकललेली यादी खिडकीतून आत आली. मी काम केलेल्या एका कचेरीत सर्व्हरच्या शेजारी एक लांबट हिशेबवही असे. तिच्यात कोणत्या फाइलीला कोणता आकडा द्यायचा ते लिहिलेले होते. ११० आणि १२० यांच्या मध्ये कुणीतरी ११५ घुसवले होते, आणि समासात फक्त एक तारीख होती. ११५ तिथे का आले, हे वहीत नव्हते. ते हलवायची कुणाची छाती नव्हती.

जेबॉसने त्या काळी एक चांगली गोष्ट केली. सुरुवात अर्धवट राहिली तर तो दोन याद्या छापी. एका यादीत दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहत बसलेल्या सेवा आणि दुसरीत या सगळ्या दुखण्याचे मूळ असलेल्या सेवा. ही दुसरी यादी मोठ्या इंग्रजी अक्षरांत असे, जणू कुणी ओरडून सांगते आहे. चाळीस सेवा अडकल्या तरी मूळ एकच असू शकते, हे आकड्यांच्या यादीला कधी सांगता आले नसते. कारण लिहून ठेवले होते म्हणून यंत्राला दोष शोधता आला.

या पिढीचे खरे दुखणे मात्र निराळे होते. जावात प्रत्येक वर्ग, म्हणजे कोडचा तुकडा, मेमरीत आणणारा एक 'लोडर' असतो आणि वर्गाची ओळख नाव अधिक लोडर अशी जोडीने ठरते. आपल्याकडे माणूस नाव आणि गाव मिळून ओळखला जातो, तसे. जेबॉसच्या तिसऱ्या-चौथ्या आवृत्तीत सगळ्या मॉड्यूलचे वर्ग एकाच मोठ्या ओसरीवर मांडलेले असत. कुणालाही कुणाचेही दिसे. सोयीचे होते, पण दोन मॉड्यूलनी एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या आणल्या की जो आधी चढला त्याची आवृत्ती सगळ्यांच्या गळ्यात पडे. म्हणजे चढवण्याचा क्रम बदलला की व्याजाच्या प्रोग्रॅमचे वागणे बदलू शकत होते! उपाय म्हणून एखाद्या मॉड्यूलला वेगळी खोली दिली, तर 'अमुक वर्ग हा अमुक वर्ग नाही' अशी तक्रार येई, आणि दोन्हीकडे छापलेले नाव अक्षरशः एकच असे. गाव वेगळे होते, पण ते छापले जात नसे. नव्या पोरांनी या एका ओळीपुढे किती रात्री घालवल्या असतील!

एप्रिल २००६मध्ये रेड हॅटने किमान ३५ कोटी डॉलरना जेबॉस विकत घेत असल्याचे जाहीर केले. पाचवी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली. चौथी २००४ची, म्हणजे चार वर्षे मध्ये गेली. पाचव्यात नवा गाभा होता आणि त्यात प्रत्येक वस्तूला सात-आठ पायऱ्या चढाव्या लागत: वर्णन झाले, घडली, मांडणी झाली, निर्मिली, सुरू झाली, स्थापित झाली. कुठलीही पायरी कुणाच्याही कुठल्याही पायरीवर अवलंबून ठेवता येई. कागदावर ही रचना सर्वांत परिपूर्ण होती. माझे मत विचाराल तर तिथेच ती फसली. सगळे काही व्यक्त करता येते अशी यंत्रणा सुरू व्हायला वेळ घेते, आणि अडली तर का अडली हे सांगायला तिच्या रचनाकारालाच बोलवावे लागते.

याच डिसेंबरच्या फेऱ्यात, वर्षभराने, २००९मध्ये जावा ईई ६ आले. इअरच्या आतले मॉड्यूल यादीतल्या क्रमाने सुरू करा, असे सांगणारी एक ओळ आराखड्यात दहा वर्षांनी प्रथमच दाखल झाली. गंमत अशी की त्याच आवृत्तीत एका बीनने दुसऱ्या बीनचे नाव घेऊन 'मी हिच्यावर अवलंबून आहे' असे सांगायची सोयही आली. एकाच दस्तऐवजात दोन्ही लग्नघरे. समितीने निर्णय टाळला असे कुणी म्हणेल. मला वाटते, दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी खरी होती.

जेबॉसची सातवी आवृत्ती जुलै २०११मध्ये आली आणि साध्या संगणकावर दोन-तीन सेकंदांत उभी राहू लागली. जेसन ग्रीन या प्रकल्पाचे नेते. गाभ्याचे दोन भाग डेव्हिड लॉइड यांच्या हातचे. त्या दोन भागांत माझ्या दृष्टीने या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार आहे. आधीच्या पिढ्यांनी 'अवलंबून असणे' ही एकच गोष्ट मानली होती. इथे ती दोन झाली.

पहिली गोष्ट ओळखीची. एका मॉड्यूलला दुसऱ्याचे वर्ग दिसायला हवेत. हा भाग 'जेबॉस मॉड्यूल्स'कडे. ओसरी गेली, प्रत्येक मॉड्यूल एका छोट्या फाइलीत लिहितो की मला कोण कोण दिसावे, आणि त्यापलीकडचे त्याला दिसत नाही. दोन मॉड्यूल एकमेकांना ओळखत असतील तर हरकत नाही. दुसरी गोष्ट वाट पाहण्याची. एक सेवा उभी राहिल्याशिवाय दुसरी उभी राहू शकत नाही. हा भाग दुसऱ्या गाभ्याकडे, आणि तिथे मात्र वर्तुळ मुळीच चालत नाही. चालले तर लखनौच्या त्या दोन नवाबांसारखे 'पहले आप' करत गाडी निघून जायची. ओळख दुतर्फा असू शकते, वाट पाहणे एकतर्फीच असावे लागते. हे वाचताना सोपे वाटते. पण तोवरच्या सर्व्हरांनी ही दोन नाती एकाच धाग्याने बांधली होती आणि गाठ सोडवताना दोन्ही तुटत होती.

वाट पाहण्याचा हिशेबही साधा. प्रत्येक सेवेजवळ एक आकडा: अजून किती जण उभे राहायचे आहेत. कुणी उभे राहिले की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचा आकडा एकाने कमी. शून्य झाला की मोकळ्या धाग्याने ती सेवा सुरू करायची. चार गाभ्यांच्या प्रोसेसरवर अनेक सेवा एकाच वेळी उभ्या राहतात. कोण आधी हे कुणी ठरवलेले नसते आणि ठरवायचे कारणही नसते. थांबवताना उलटे. शिवाय सेवेचा स्वभाव सांगता येतो: काहीही करून हजर राहणारी; कुणी मागितले तरच येणारी; आणि ज्यांच्यावर अवलंबून आहे ते उभेच असतील तर येणारी, पण आपल्यासाठी कुणाला उठवायला न लावणारी. तिसरी जात मला फार आवडते. तसे पाहुणे दुर्मीळ.

आता यादी संपली असेल असे वाटेल. सातव्या आवृत्तीच्या मजकुरात 'फेज' नावाची एक फाइल आहे. गाठोडे उघडणे, त्यातले वर्णन वाचणे, कोण कोण हवे ते शोधणे, बसवणे अशा टप्प्यांतून प्रत्येक मॉड्यूल जातो. आणि प्रत्येक टप्प्यात कोणते काम कोणत्या क्रमाने करायचे याचे आकडे या फाइलीत ओळीने लिहिलेले आहेत, तेही सोळाच्या पटीतल्या लिपीत. मधूनमधून मोकळ्या जागा सोडलेल्या, पुढे काही घुसवायचे झाले तर. ती पाहताना मला त्या लांबट वहीतले ११५ आठवले. सेवांचे परस्परसंबंध कारणांनी ठरवणाऱ्या त्याच हुशार माणसांना गाठोडे उघडण्याचे काम आकड्यांनीच आवरले. मी यात विसंगती पाहत नाही. सेवा कोण कोण येणार हे आधी ठाऊक नसते. ती परकी माणसे असतात. उघडण्याची कामे एकाच घरातली, एकाच फाइलीत मावणारी. घरात यादी चालते.

पहारेकऱ्याचीही सुधारणा झाली. दर पाच सेकंदांनी डोकावणाऱ्याला मोठी फाइल अर्धीच उतरलेली असताना सापडे आणि तो तीच उचलून बसे. झिप जातीच्या गाठोड्याची अनुक्रमणिका शेवटी असते, पुस्तकाच्या सूचीसारखी. म्हणून नवा पहारेकरी आधी शेवट पाहतो आणि सूची नसेल तर थांबतो. उघड्या फोल्डराला मात्र शेवट नसतो. तिथे माणसानेच 'आता चढव' अशा नावाची एक रिकामी फाइल शेजारी ठेवायची. पहारेकरी तिच्या जागी 'चढवतो आहे' ठेवतो, आणि मग 'चढले' किंवा 'फसले'. काम पुरे झाले हे सांगायची जबाबदारी तिथे यंत्राने नम्रपणे माणसाकडे परत केली आहे. २०१३ साली या सर्व्हरचे नाव बदलून 'वाइल्डफ्लाय' झाले. या चिठ्ठ्या तशाच राहिल्या. पुण्यात रेड हॅटचे कार्यालय आहे आणि शहरातल्या कितीतरी कंपन्यांत या सर्व्हरवर पोट भरणारी माणसे आहेत. 'फसले'ची चिठ्ठी पाहिली नाही असा त्यांच्यात विरळा.

हाच विचार पुढे भाषेच्या दारात भांडला. जावाच्या नवव्या आवृत्तीत भाषेनेच मॉड्यूल आणायचे ठरवले. मे २०१७मध्ये समितीपुढे प्रस्ताव आला तेव्हा १० मते बाजूने आणि १३ विरुद्ध पडली; विरोधकांत आयबीएम होती, रेड हॅट होती. भाषेच्या मॉड्यूलना एकमेकांची दुतर्फा ओळख चालत नाही, सर्व्हरवाल्यांना ती हवी होती. जुना मजकूर नव्या घरात कसा न्यायचा ही चिंताही होती. दुरुस्त्या होऊन जूनमध्ये पुन्हा मतदान झाले: २४ बाजूने, विरुद्ध कुणी नाही, रेड हॅट तटस्थ. सप्टेंबरमध्ये जावा ९ बाहेर पडली. तिच्या मॉड्यूलना कोण कुणाला दिसते एवढेच कळते. कोण आधी सुरू होते हा प्रश्न तिने घेतलाच नाही.

तो प्रश्न मार्च २०१९मध्ये रेड हॅटनेच 'क्वार्कस' जाहीर करून वेगळ्या तऱ्हेने घेतला. सुरू होण्याची बहुतेक कामे सर्व्हर चालू करताना न करता कार्यक्रम बांधतानाच उरकायची. बांधणीतले प्रत्येक काम सांगते की मला काय लागते आणि मी काय देतो. त्यावरून यंत्र क्रम लावते आणि उरलेल्या कामांची सरळ एक यादी करून ठेवते. प्रत्यक्ष सुरू होताना ती यादी वरून खाली चालवली जाते. भिंतीवर पुन्हा यादी आली आहे, पण ती कारणांवरून यंत्राने लिहिलेली आहे.

आणि आता सर्व्हरच्या बाहेर हाच प्रश्न नव्याने पडला आहे. एका मोठ्या सर्व्हरऐवजी शेकडो छोटे कार्यक्रम आपापल्या डब्यांत चालतात आणि कुबरनेटीस नावाची प्रणाली त्यांना सांभाळते. कोणता डबा कोणत्या डब्यावर अवलंबून आहे, हे सांगायची जागाच तिने ठेवलेली नाही. सगळे एकदम उठतात. ज्याला डेटाबेस सापडत नाही तो कोसळतो. त्याला दहा सेकंदांनी पुन्हा उठवले जाते, मग वीस, मग चाळीस, असे वाढत वाढत पाच मिनिटांपर्यंत. तोवर डेटाबेस उभा राहिला तर ठीक, नाहीतर पुन्हा पाच मिनिटे.